ॲप टेबलावर चालतं, रांगेत अडतं

३ फेब्रुवारी २०२०. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली थंडीची रात्र. राष्ट्राध्यक्षपदाचा आपला उमेदवार कोण, हे ठरवायला डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार शाळांच्या जिमखान्यांत आणि चर्चच्या सभागृहांत जमले होते. या सभांना तिथे ‘कॉकस’ म्हणतात. सतराशेच्या आसपास ठिकाणी माणसं मोजून झाली. आता केंद्रप्रमुखांनी आपापले आकडे एका नव्या मोबाइल ॲपमधून पक्षाच्या कार्यालयाला कळवायचे, एवढंच काम उरलं होतं.

नेमकं तिथेच घोडं अडलं. कुणाला ॲप उतरवून घेता येईना, कुणाला लॉग-इन जमेना. अडलेल्यांनी कार्यालयाला फोन लावला, तर तिथेही रांग. काहींना तासाहून अधिक वेळ फोन कानाला लावून बसावं लागलं. ज्यांचे आकडे पोचले त्यांची वेगळीच अडचण झाली. ॲपने आकडे बरोबर नोंदवले होते, पण ते पुढे निकालाच्या यंत्रणेत जाताना अर्धवट गेले. सगळ्या केंद्रांचे आकडे जाहीर व्हायला तीन दिवस लागले.

पुढे कारणं बाहेर आली. ॲप जेमतेम दोन महिन्यांत उभं केलेलं. राज्यभर एकाच वेळी वापरलं गेलं तर काय होईल, याची नीट चाचणी झालेली नव्हती. पक्षाने नेमलेल्या चौकशीत असंही दिसलं, की पक्षाच्या राष्ट्रीय समितीने अगदी उशिरा आकडे वेगळ्या साच्यात बदलून देणारं एक साधन मागितलं आणि चूक त्या साधनात होती. निवडणूक वाचली ती कागदामुळे. मतदारांनी आपली पसंती कार्डांवर लिहिलेली होती. ती कार्डं आणि केंद्रांचे तक्ते हातात होते, म्हणून आकडे पुन्हा जुळवता आले.

मोबाइल ॲप बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही रात्र लक्षात ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. ते ॲप बनवणारे अडाणी नव्हते. त्यांच्या टेबलावर ॲप चालतही असणार. पण टेबल आणि प्रत्यक्ष वापराची जागा यांच्यात जे अंतर असतं, तिथेच बहुतेक ॲप्स पडतात. ॲप बनवताना होणाऱ्या नेहमीच्या चुका एकेक करून पाहिल्या, तर जवळपास सगळ्यांचं मूळ या अंतरात सापडतं.

हे अंतर मोजायला आपल्या जवळचं एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूर-सांगलीकडच्या एका गावातल्या दूध संस्थेसाठी कुणी ॲप करतो आहे. पहाटे साडेपाचला संकलन सुरू होतं. किटल्या घेऊन चाळीस उत्पादक रांगेत उभे असतात. सचिव दुधाचं माप घेतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) तपासतो, दरपत्रकाप्रमाणे भाव लावतो आणि पावती देतो. दर दहा दिवसांनी बिल निघतं. एका माणसामागे अर्धं मिनिट मिळतं. सचिवाचा हात ओला असतो, खोलीत एक दिवा असतो, आणि नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. आता एकेक खड्डा पाहू.

काय करायचं नाही, हे आधी ठरवा

नवं ॲप करताना पहिला मोह होतो तो सगळंच देण्याचा. दुधाची नोंद आहेच, तर मग पशुखाद्याची मागणी, हवामान, जनावरांच्या डॉक्टरांचे नंबर, सभासदांच्या गप्पांची खोलीही घालू, असं वाटतं. प्रत्येक सोय एकटी पाहिली तर चांगलीच दिसते. पण सोय वाढली की पडद्यावर एक बटण वाढतं, चाचणीचं काम वाढतं, बिघडण्याची एक जागा वाढते आणि सचिवाच्या अर्ध्या मिनिटातले दोन सेकंद जातात.

इन्स्टाग्रामचा जन्म याच मोहातून बाहेर पडल्यामुळे झाला. केव्हिन सिस्ट्रॉम यांनी आधी ‘बर्बन’ नावाचं ॲप केलं होतं. आपण कुठे आहोत ते कळवा, पुढचे बेत ठरवा, फोटो टाका, असं बरंच काही त्यात होतं. लोक त्यातलं बाकीचं फारसं वापरत नाहीत, फोटो मात्र टाकतात, हे सिस्ट्रॉम आणि त्यांचे साथीदार माइक क्रीगर यांच्या लक्षात आलं. त्यांनी फोटो, त्यावरचा अभिप्राय आणि ‘लाइक’ एवढा गाभा ठेवून बाकीचं कापून टाकलं. ६ ऑक्टोबर २०१० रोजी हे नवं ॲप आलं आणि पहिल्याच दिवशी सुमारे २५ हजार लोकांनी ते घेतलं. दीड वर्ष ते फक्त आयफोनवर होतं. अँड्रॉइडची आवृत्ती एप्रिल २०१२मध्ये आली. एका वेळी एकच काम, एकाच प्रकारच्या फोनवर, पण नेटकं, ही त्यांची शिस्त होती. आपल्या दूध संस्थेत बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड फोन आहेत, म्हणून आपली सुरुवात तिथून व्हायला हवी, आणि पहिल्या आवृत्तीत तीनच गोष्टी हव्यात: नोंद, पावती, बिल.

त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न म्हणजे, ॲप हवंच का? ‘मिंत्रा’ या कपडेविक्री कंपनीने मे २०१५मध्ये आपलं संकेतस्थळ बंद करून विक्री फक्त ॲपवरून ठेवली. साधारण वर्षभराने, जून २०१६मध्ये, तिने संगणकावरचं संकेतस्थळ पुन्हा सुरू केलं. गिऱ्हाइकाला ज्या दाराने यायचं आहे ते दार बंद करणं परवडत नाही, हा त्यातला धडा. ज्या सभासदाकडे साधा बटणांचा फोन आहे त्याला एक एसएमएस पुरतो. त्याच्यासाठी ॲपचा हट्ट कशाला?

नेटवर्क नसेल असं धरूनच चाला

फेसबुकने काही वर्षांपूर्वी आपले अभियंते आफ्रिकेत पाठवले होते. आपलं अँड्रॉइड ॲप तिथल्या फोनवर आणि तिथल्या नेटवर्कवर कसं चालतं, ते पाहायला. ॲप हळू उघडत होतं आणि सारखं बंद पडत होतं. त्यांच्या महिन्याभराच्या डेटाचा फडशा चाळीस मिनिटांत पडला, असं कंपनीने २०१४मध्ये स्वतःच लिहून सांगितलं. त्यानंतर कंपनीने ॲप हलकं करण्याचं काम गांभीर्याने घेतलं. जून २०१५मध्ये ‘फेसबुक लाइट’ आलं, ते एक एमबीहूनही लहान होतं. त्याच वर्षी कंपनीत ‘टू-जी मंगळवार’ सुरू झाला: ज्याची इच्छा असेल त्या कर्मचाऱ्याने तासभर टू-जीच्या वेगाने ॲप वापरून पाहायचं. जगातले निष्णात अभियंते पदरी असूनही आपल्या ॲपचा खरा वेग त्यांना तिथे जाऊन बघावा लागला.

आकार लहान ठेवण्याला दुसरंही कारण आहे. गूगलने २०१७मध्ये आपल्या पाहणीतून सांगितलं, की ॲप दर ६ एमबीने वाढलं की ते घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण एक टक्क्याने घटतं. फोनमध्ये जागा कमी असली की लोक आधी लग्नाचे फोटो वाचवतात, आपलं ॲप नव्हे.

दूध संस्थेच्या ॲपमध्ये याचा अर्थ असा, की नोंद आधी फोनमध्येच पक्की व्हायला हवी आणि नेटवर्क आलं की मागाहून सर्व्हरकडे जायला हवी. ‘जतन करा’ दाबल्यावर पडद्यावर चक्र फिरत राहिलं, तर सचिव दुसऱ्या दिवशी वहीकडे वळेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

इथे एक बारीक सापळा आहे. फोनने नोंद पाठवली, सर्व्हरने ती घेतली, पण ‘मिळाली’ हा निरोप परत येताना नेटवर्क गेलं. फोनला वाटतं, नोंद पोचलीच नाही. म्हणून तो ती पुन्हा पाठवतो. आता एका सभासदाचं सहा लिटर दूध बारा लिटर होतं. उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून हवा: प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक वेगळा क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुन्याच नोंदीची पोच द्यायची. पैशांचे व्यवहार करणाऱ्या कोणत्याही ॲपला ही काळजी चुकत नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, आणि त्या पद्धतीत ०.१ किंवा ०.२ या संख्या तंतोतंत बसत नाहीत. त्यामुळे त्यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही, शेपटाला काही सूक्ष्म अंश उरतो. दहा दिवसांच्या वीस पाळ्या आणि शेकडो सभासद मिळवले की बिलाचा ताळा पैशांनी चुकू शकतो. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवावी आणि रुपये फक्त दाखवताना करावेत. हिशेबात दहा पैसे चुकले, तरी गावात प्रश्न विश्वासाचा होतो.

हात, डोळे आणि उजेड

आजच्या फोनचा पडदा बोटाच्या स्पर्शाने होणारा विद्युतभारातला फरक ओळखतो. पाण्याचे थेंब हा फरक बिघडवतात, म्हणून ओल्या बोटाने एक बटण दाबावं तर दुसरंच दाबलं जातं. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक नियमांत दाबायची जागा किमान ४८ एककांची, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटरची असावी असं म्हटलं आहे. ॲपलच्या नियमांत ४४ एककं आहेत. संकलन केंद्रावर याहून मोठी बटणं लागतील. ‘पुसून टाका’ हे बटण तर ‘जतन करा’च्या शेजारी कधीच नको.

गाईचं दूध हिरव्या खुणेने आणि म्हशीचं लाल खुणेने दाखवलं, तर लाल-हिरव्यातला फरक न दिसणारा माणूस फसेल. असा दोष पुरुषांमध्ये दुर्मीळ नाही. रंगासोबत शब्दही लिहावा. पन्नाशी उलटलेले बरेच जण फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवतात. तशी करून आपल्या पडद्याची मांडणी मोडते का, हे पाहायला एक मिनिट पुरतं. फार थोडे जण ते मिनिट देतात.

मराठीची परीक्षा वेगळी आहे

इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द टाकले की ॲप मराठी झालं, हा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. मला सर्वांत जास्त तळमळ वाटते ती याच बाबतीत.

पहिली गोष्ट अंकांची. कोणत्या भाषेत तारखा, अंक, महिने कसे लिहायचे, याची माहिती युनिकोड संस्था एका सामायिक साठ्यात ठेवते आणि फोन ती वापरतात. त्या साठ्यात हिंदीसाठी नेहमीचे अंक इंग्रजी धरले आहेत, मराठीसाठी मात्र देवनागरी. आता प्रोग्रॅमरने अँड्रॉइडच्या नेहमीच्या साधनाने आजची तारीख सर्व्हरसाठी तयार केली आणि ‘फोनची भाषा कोणतीही असली तरी इथे इंग्रजी अंकच वापर’ असं सांगायचं राहिलं, तर इंग्रजी किंवा हिंदी फोनवर सगळं सुरळीत चालतं. मराठी फोनवर मात्र तारीख देवनागरी अंकांत तयार होते, आणि सर्व्हर ती नाकारतो. बिघाड फक्त त्याच माणसांना होतो, ज्यांनी प्रेमाने फोन मराठीत ठेवला आहे. कार्यालयातल्या एकाचाही फोन मराठीत नसेल, तर ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. नियम साधा: माणसाला दाखवायचे अंक त्याच्या भाषेत, यंत्राला पाठवायचे अंक ठरलेल्या एकाच रूपात. उलट दिशेनेही तेच. सभासदाने फॅट ‘६.५’ असं देवनागरीत टाकलं तर ते समजून घ्यायला हवं.

दुसरी गोष्ट अक्षरांची. ‘कऱ्हाडकर’ या आडनावातला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. काही कळफलक नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडतात, काही साध्या ‘र’ला हलन्त आणि मग अक्षरं जोडणारं एक अदृश्य चिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला मात्र वेगळी. त्यामुळे एका फोनवर नोंदवलेले कऱ्हाडकर दुसऱ्या फोनवरच्या शोधात सापडत नाहीत. शोध घेण्याआधी दोन्ही रूपं एका रूपात आणावी लागतात.

तिसरी गोष्ट अक्षर म्हणजे काय याची. आपल्या दृष्टीने ‘क्षी’ हे एक अक्षर. संगणकाच्या दृष्टीने ती चार चिन्हं आहेत: क, हलन्त, ष आणि दुसरी वेलांटी. ‘वीस अक्षरांची मर्यादा’ किंवा ‘नावाचं पहिलं अक्षर गोल चौकटीत दाखवा’ असं आंधळेपणाने केलं, तर ‘श्रीकांत’चा नुसता ‘श’ उरतो आणि लांब नावांच्या शेवटच्या मात्रा तुटतात. वेलांट्या आणि उकारांमुळे मराठी ओळीला वर-खाली जास्त जागा लागते. इंग्रजीवर बेतलेल्या चौकटीत त्या कापल्या जातात. या लेखात वारंवार आलेला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. फार जुन्या फाँटवर तो आजही चौकोन होऊन दिसू शकतो.

आणि नावाचा रकाना. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मग आडनाव. सरकारी यादीत बहुधा आडनाव आधी. गावात एकाच नावाचे तिघे असतात आणि वडिलांच्या नावावरून ओळखले जातात. ‘फर्स्ट नेम, लास्ट नेम’ हे दोन रकाने इथे अपुरे पडतात.

मागायचं तेवढंच मागा

२०१२च्या फेब्रुवारीत ‘पाथ’ या ॲपबद्दल एक गोष्ट उघड झाली: ते वापरणाऱ्याच्या फोनमधली संपर्कांची अख्खी यादी न विचारता आपल्या सर्व्हरवर नेत होतं. कंपनीने माफी मागितली आणि माहिती पुसली. तरी पुढच्या वर्षी तिला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली, आणि त्यात मुलांची माहिती पालकांना न विचारता घेतल्याच्या आरोपापोटी आठ लाख डॉलर भरावे लागले. २०१५च्या अँड्रॉइड ६पासून संपर्क, कॅमेरा, ठिकाण अशा गोष्टींची परवानगी ऐन वापराच्या वेळी मागावी लागते. भारतात २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, आणि त्यातला कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो.

दुधाच्या नोंदीला संपर्कांची यादी लागत नाही, ठिकाणही लागत नाही. मग मागायचं नाही. जे लागतं ते का लागतं, हे विचारताना एका ओळीत मराठीत सांगायचं. आणि सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या ॲपमध्ये कधीच ठेवायच्या नाहीत. ॲपची फाइल ज्याच्या हाती पडते त्याला ती उलगडून वाचता येते. कोणाला काय पाहता येईल, याचा निर्णय नेहमी सर्व्हरवर व्हायला हवा.

कौलं दरवर्षी शाकारावी लागतात

ॲप प्ले स्टोअरवर चढलं की काम संपलं असं वाटतं. कौलारू घर बांधून झालं तरी दर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं, तसंच हे आहे. गूगलच्या नियमानुसार ॲप अँड्रॉइडच्या ताज्या आवृत्त्यांशी जुळतं ठेवावं लागतं, नाहीतर नव्या फोनवाल्यांना ते दुकानात दिसेनासं होतं. ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या ॲपलच्या खात्याची वर्गणी वर्षाला ९९ डॉलर आहे, गूगलची एकदाच २५ डॉलर. १३ नोव्हेंबर २०२३नंतर गूगलकडे उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी २० जण लागत, आता किमान १२ जणांनी सलग १४ दिवस सहभागी राहावं लागतं. लग्नाची तारीख ठरवावी तशी उद्घाटनाची तारीख ठरवून बसलेले लोक इथे हमखास अडकतात.

हे खातं संस्थेच्या नावावर असावं. ॲप करून देणाऱ्या मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर ते असलं, आणि उद्या तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तर संस्थेला स्वतःच्याच ॲपमध्ये अक्षर बदलता येत नाही. कोड, सर्व्हरचा पासवर्ड आणि ॲपवर सही करणारी चावी यांनाही हेच लागू.

नवी आवृत्ती सगळ्यांना एकदम देऊ नये. गूगल प्लेवर आधी थोड्या टक्के लोकांना देऊन पाहण्याची सोय आहे; ॲपलकडे सात दिवसांत टप्प्याटप्प्याने पोचवण्याची. आयोवात अशी पहिल्या टप्प्याची रात्र नव्हतीच. पहिला दिवस आणि अंतिम दिवस एकच होता.

वही इतक्यात मिटू नका

हे सगळं टाळण्यासाठी फार पैसा लागत नाही. एका पहाटे साडेपाचला संकलन केंद्रावर जाऊन उभं राहावं लागतं. स्वस्तातला, दोन-तीन वर्षं जुना, मराठीत ठेवलेला फोन सोबत घ्यायचा. त्यातलं इंटरनेट बंद करायचं. तो सचिवाच्या ओल्या हातात द्यायचा आणि आपण गप्प राहायचं. तो कुठे थांबतो, काय दाबतो, कुठे आपल्याकडे बघतो, ते टिपून घ्यायचं. कोड लिहायला सुरुवात करून दोन आठवडे होताच हे केलं, तर चुका स्वस्तात सुधारतात. सगळं बांधून झाल्यावर केलं, तर भिंती पाडाव्या लागतात.

आणि ॲप सुरू झाल्यावरही पहिले तीन बिलांचे हप्ते, म्हणजे महिनाभर, वही चालू ठेवायची. दर दहा दिवसांनी वहीचा आणि ॲपचा ताळा घालायचा. आयोवात कार्डं होती म्हणून उशिरा का होईना, निकाल लागला. वहीचा आणि ॲपचा ताळा तीनदा बिनचूक जुळला, की सचिव ती वही आपल्या हाताने कपाटात ठेवेल. आपलं ॲप तयार झालं, असं त्या दिवशी म्हणावं.